हापूसला काइटोसानचं कोटिंग करून कोणी पाठवलाय का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, देवगडला घरची बाग आहे, बराचसा माल वाशीच्या घाऊक बाजाराला न देता पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकांना थेट पेटीने जातो. इथून निघताना आंबा एकदम स्वच्छ, पण आढीत (गवत-पेंढ्यात) पिकायला लागला की देठाजवळ काळं पडतं नाहीतर सालीवर बारीक काळे ठिपके, मग ते ठिपके एकमेकांना मिळून बोट दाबलं तर आत जाईल असा डाग, आणि लगेच व्हॉट्सॅपवर फोटो. काढणी झेल्यानेच (जाळी लावलेल्या काठीने), देठ ठेवून करतो, त्यामुळे चिकाचे डाग नाहीत ते.

आता एकजण काइटोसानचं कोटिंग विकायला आलाय, म्हणे बुरशीही मरते नि आंबाही टिकतो. डब्यावर नुसतं 'नॅचरल', घटक बिटक काही नाही. शोधलं तर हे कोळंबी-कुर्ल्यांच्या कवचापासून करतात! आम्हाला त्याचं काय नाही हो, आम्ही चवीने खातो, पण कितीतरी गिऱ्हाइकं अक्षय्य तृतीयेच्या नैवेद्याला पेटी घेतात, काही जैन आहेत, त्यांना न सांगता कसं द्यायचं आणि सांगितलं तर घेतील का?

शिवाय कोटिंग केल्यावर आढीत नीट पिकतो का? आंबे गरम पाण्यात बुडवतात, त्याच्या आधी लावायचं की नंतर? वापरलेल्यांनीच सांगा प्लीज, विकणाऱ्यांनी इनबॉक्समध्ये येऊ नये :)

प्रतिसाद:
दादा, सालीवरचे काळे ठिपके म्हणजे करपा नि देठाजवळचं काळं म्हणजे देठकूज, दोन्ही बागेतूनच येतात. करप्याची बुरशी फळ कच्चं असतानाच सालीत शिरून गप बसते, पिकायला लागलं की उठते, कोटिंग बसणार वरून, त्यामुळे फवारणी सोडून त्याच्यावर भिस्त ठेवू नका. आधी ५२ अंशाच्या पाण्यात १० मिनिटं, थर्मामीटर लावूनच, मग पूर्ण सुकवून कोटिंग, तेही पातळ. जाड बसलं की फळाला हवा मिळत नाही, रंग येत नाही नि कापल्यावर दारूसारखा वास मारतो. नैवेद्याचं म्हणाल तर बुरशीपासून केलेलं काइटोसानही असतं, पण डब्यावर तसं लिहिलेलं हवं, नसेल तर घेऊच नका. एफएसएसएआयला (अन्नसुरक्षेची सरकारी संस्था) फळांवर मधमाशीचं मेण, कार्नोबा मेण आणि शेलॅक (लाखेच्या किड्यांपासूनचं) चालतं, मात्र लेबल लावून. त्यातलं कार्नोबा तेवढं झाडाचं, पामच्या पानांवरचं. पण नुसत्या मेणाने बुरशी मरत नाही हां. आधी एकच क्रेट करून बघा, शेजारी बिनकोटिंगचा ठेवा.

धागाकर्ता:
धन्यवाद! ५२ अंश सलग ठेवायला तुमच्याकडे टाकी कसली आहे? आमच्या चुलीवरच्या हंड्यात ते जमेलसं वाटत नाही.