भिंतींच्या भेगा: काय भरलं, काय टिकलं? (अनुभव धागा)

घरातल्या भिंतीची भेग बुजवली, रंग दिला आणि काही महिन्यांत ती पुन्हा उमटली, हे फार घरांत होतं. ज्यांनी ही कामं केली किंवा करून घेतली आहेत, त्यांनी पद्धत, मापं आणि फसण्याची कारणं लिहावीत.

—

सुरुवात मोजण्यापासून करा. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने आडवी खूण आणि शेजारी तारीख, सर्वांत रुंद जागी किती मिलिमीटर तेही लिहा. दोन-तीन महिने पाहा. भेग खुणेच्या पुढे गेली किंवा रुंदावली तर ती जिवंत आहे. अशा भेगेत कडक पुट्टी भरणं व्यर्थ, ती शेजारूनच फुटते.

—

केसासारख्या, जाळीदार भेगा बहुधा गिलाव्याच्या वरच्या थरातच असतात. सिमेंट जास्त, पाणी कमी मारलेलं, किंवा थापीने फार घोटलेलं. बोटाच्या पेराने ठोकून बघा. भरीव आवाज आला तर पॉलिश पेपर, प्रायमर आणि पुट्टीचे दोन पातळ हात पुरतात. पोकळ आवाज आला तर तो भाग सुटलेला आहे, तो काढल्याशिवाय गत्यंतर नाही.

—

१ ते ५ मिमीच्या, थांबलेल्या भेगेसाठी:

पुट्टीच्या पत्र्याच्या टोकाने किंवा छिन्नीने भेग उघडून इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच करा, साधारण ५ मिमी रुंद आणि तितकीच खोल. मग धूळ काढा. काम फसतं ते इथेच. आतली धूळ तशीच राहिली तर भराव भिंतीला नाही, धुळीला चिकटतो. कोरड्या ब्रशने झाडा, मग ओल्या ब्रशने पुसा आणि सुकू द्या. अॅक्रिलिक क्रॅक फिलर (भेग भरायची तयार पेस्ट) दोन थरांत भरा. तो सुकताना आत बसतो, म्हणून पहिला थर पूर्ण वाळल्यावरच दुसरा, किंचित वर उठलेला. डब्यावर लिहिलेला वेळ पाळा, जाड थर वरून सुकलेला दिसला तरी आत ओला असतो. त्यावर फायबरची जाळीदार पट्टी, पट्टी झाकेल इतकी पुट्टी दोन्ही बाजूंना हातभर पसरवून, १८० नंबरचा पॉलिश पेपर, प्रायमर, रंग. पुट्टी पसरवायचा कंटाळा केला की रंगानंतर उजेडात उंचवटा दिसतोच.

—

कॉलम किंवा बीम आणि वीटकाम यांच्या सांध्यावर सरळ रेषेत गेलेली भेग वेगळी. काँक्रीट आणि वीट उष्णतेने सारखी प्रसरण पावत नाहीत, त्यामुळे तो सांधा हलतच राहतो. नुसतं फिलर इथे टिकत नाही. सांध्याच्या दोन्ही बाजूंना १५० मिमी गिलावा काढा, चिकन मेश (बारीक तारेची जाळी) खिळ्यांनी ताणून बसवा, लॅटेक्स-सिमेंटची स्लरी (चिकटपणासाठीचं पातळ मिश्रण) लावा आणि ती चिकट असतानाच नवा गिलावा चढवा. नंतर किमान ७ दिवस पाणी. जाळी सैल राहिली तर तिच्यामागे पोकळी राहते आणि भेग पुन्हा येते.

विजेच्या पाइपासाठी फोडलेल्या चरावरच्या भेगांनाही हीच जाळी. पाइप वरच्यावर असेल तर आधी चर खोल करून तो आत घ्या, त्यावर निदान १२ मिमी गिलावा हवा.

—

वरच्या सगळ्याला एक अपवाद जोडते. भेगेभोवती ओल, पांढरा क्षार किंवा फुगलेला रंग असेल तर आधी पाणी कुठून येतं ते शोधा. बाथरूमचा सांधा, वरच्या मजल्याची पाइपलाइन, बाहेरच्या भिंतीची भेग. ओल्या भिंतीवरची पुट्टी पापुद्र्यांनी सुटते.

—

आणि पुट्टीला हात लावू नये अशा भेगा: कॉलम-बीमवर सळईच्या ओळीने गेलेली, गंजाचे डाग असलेली. विटांच्या सांध्यांतून पायऱ्यांसारखी तिरपी जाणारी. भिंतीच्या आरपार दोन्ही बाजूंना दिसणारी. ५ मिमीहून रुंद, किंवा जिच्यासोबत दार-खिडकी अडकू लागली आहे अशी. गवंड्याला नव्हे, स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. तोपर्यंत ती झाकू नका आणि तारखेसह फोटो काढत राहा, शेजारी मोजपट्टी धरून.