एनएसएसचे (राष्ट्रीय सेवा योजनेचे) तास भरले म्हणजे सेवा झाली का?

सातपूरकर: मुलगी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, एनएसएसमध्ये नाव घातलंय. विसर्जनाच्या दिवशी गंगेवर, म्हणजे आपल्या नाशिकच्या गोदाघाटावर, निर्माल्य गोळा करायला गेली होती. चार तासांतला एक तास बॅनरची वाट बघण्यात गेला. बॅनर आल्याशिवाय झाडू हातात घ्यायचा नाही, कारण फोटो! वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४०, वर सात दिवसांचं शिबिर. आता त्याला श्रेयांकही (क्रेडिट). श्रेयांक दिला की सेवेचा पेपर होतो, उद्या गाइडही निघेल. विद्यापीठानं शिकवावं, बाकी ज्याला करायचंय तो करेल.

पेठनाका: बॅनरचं शंभर टक्के खरं. पण एनएसएसमध्ये नाव घालायला कुणी जबरदस्ती करत नाही. खेळ, एनसीसी असे पर्याय असतात. मी स्वतः वाढीव गुणांच्या लोभानं गेलो होतो. पेठ तालुक्यात शिबिर होतं. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून ओढ्यावर वनराई बंधारा घातला. पेठ म्हणजे धो धो पाऊस, भाताचा मुलूख, एवढंच आम्हा नाशिकरोडच्या पोरांना ठाऊक. त्याच गावात उन्हाळ्यात बायका हंडे घेऊन दरी उतरतात, हे तिथे राहिल्यावर कळलं. बंधारा पुढच्या पावसात वाहून गेला असेल, तो भाग वेगळा.

सातपूरकर: म्हणजे गावाला काय मिळालं? शिकलात तुम्ही.

पेठनाका: हो, ते मान्य. त्यावर उत्तर नाही माझ्याकडे.

इंटर्न_म्हसरूळ: आमच्याकडे पर्याय वगैरे नाही. सरकारी कॉलेजातून एमबीबीएस केलं की एक वर्ष सेवेचं बंधपत्र, नाहीतर दहा लाख भरा. मला ते योग्य वाटतं. आमची फी खर्चाच्या मानानं किरकोळ, उरलेलं लोकांनी भरलंय. शिवाय आम्ही तिथे आमचंच काम करतो, झाडू मारत नाही. बी.कॉम.वाल्यांना घाटावर कशाला उभं करता? बचत गटाच्या वह्या बघायला पाठवा.

खडूफळा: कॉलेजात एनएसएसचा कार्यक्रम अधिकारी आहे, म्हणून राहवलं नाही. एका युनिटला शंभर मुलं आणि मी एकटा, माझे शिकवण्याचे तास सांभाळून. वह्या बघायला पाठवीन हो, पण चुकीचा ताळेबंद गटाच्या गळ्यात पडला तर निस्तरायला कोण जाणार? झाडूनं निदान कुणाचं नुकसान होत नाही. १९६९ साली गांधी शताब्दीत ही योजना सुरू झाली तेव्हा ३७ विद्यापीठांत मिळून ४० हजार मुलं होती. आता पसारा वाढलाय आणि अहवालाला फोटो लागतात. बॅनर मलाही आवडत नाही.

इंटर्न_म्हसरूळ: सर, मग शंभराऐवजी वीसच घ्या.

खडूफळा: आणि उरलेल्या ऐंशींना काय सांगू, तेही लिहा. २०२७ च्या कुंभमेळ्याला तर गर्दी आवरायला हीच पोरं मागतील.

सातपूरकर: सर, राग तुमच्यावर नव्हता. काल मुलीला म्हटलं, काढून टाक नाव. म्हणाली, हरसूलकडचं शिबिर होऊ दे, मग बघू.