केबल संपली म्हणणाऱ्यांनी आधी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावं

कऱ्हाडकर: काल इथे एकाने लिहिलं की पाच वर्षांत केबल संपणार आणि आजही केबलचे पैसे भरणारे लोक निव्वळ आळशी आहेत. "वायफाय घ्या नि मोकळे व्हा." डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहितोय.

आई गावी एकटी असते. दिवाळीत हौसेने स्मार्ट टीव्ही आणि फायबर दोन्ही लावून दिलं. संध्याकाळी सातला टीव्ही लावला की पडद्यावर प्रश्न, कोण बघतंय? दर काही दिवसांनी आपोआप लॉगआउट. मग ओटीपी. तो येतो माझ्या मोबाईलवर, आणि मी पुण्यात ऑफिसात. मी फोन उचलेपर्यंत मालिका अर्धी झालेली. केबलच्या रिमोटवर तिला वाहिन्यांचे नंबर पाठ आहेत, चष्मा न लावता दाबते. शेवटी केबल परत जोडून घेतली. पहाटे पाचला उठणाऱ्या बाईला आळशी म्हणता?

ठाणेकर: आईंबद्दल आदर आहे, पण एका घरावरून देशाचा निष्कर्ष काढू नका. ट्रायचे, म्हणजे टीव्ही आणि फोनच्या कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचे आकडे बघा. 2020 च्या अखेरीस पैसे भरणारे डीटीएच ग्राहक सात कोटींच्या आसपास होते, मार्च 2025 ला सहा कोटींच्या खाली आले. 2016 ला जिओ आलं तेव्हाच हे ठरलं होतं. आमच्या मजल्यावर आता एकाकडेही केबल नाही.

लाईनवाला_इचलकरंजी: हा धंदा आमचा वडिलांपासूनचा, म्हणून बोलतो. साहेब, तुम्ही दिलेला डीटीएचचा आकडा छतावर छत्री लावून थेट उपग्रहावरून बघणाऱ्यांचा आहे, केबलचा नाही. आमचीही गिऱ्हाईकं कमी झाली, नाकारत नाही. पण नेटने नाही मारलं, ट्रायच्या 2019 च्या दरपत्रकाने मारलं. त्याआधी अडीचशेत सगळं दिसायचं. फेब्रुवारी 2019 पासून नुसत्या शंभर वाहिन्यांच्या जोडणीचे महिन्याला 130 पर्यंत, वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 153 रुपये. त्या शंभरात दूरदर्शनच्या सक्तीच्या. पैशाच्या वाहिन्या वेगळ्या. बुकेत, म्हणजे वाहिन्यांच्या एकत्र गठ्ठ्यात घालायची तर वाहिनीची किंमत 19 च्या वर नको असा नियम, म्हणून मोठ्या हिंदी वाहिन्यांनी बरोबर 19 लावले. बिल फुगलं आणि शिव्या कुणाला? दारात वसुलीला येणाऱ्याला. लोकांना वाटलं यानेच दर वाढवले.

ठाणेकर: शिव्या उगाच नव्हत्या. इतकी वर्षं पावती मागितली की "पुढच्या महिन्यात देतो". विश्वचषकाच्या फायनलला आमची लाईन गेली, माणूस फोन उचलेना. घर बदललं तेव्हा बॉक्सची अनामत मागितली तर म्हणाला, मालक बदलला. एका भागात एकच केबलवाला, दुसऱ्याने यायचं नाही असा अलिखित करार. नेटवर नाही पटलं तर त्याच रात्री बंद करता येतं. मला सुटका हवी होती, ती मिळाली.

लाईनवाला_इचलकरंजी: तुमच्याकडच्याने केलं ते वाईटच केलं. पण सगळ्यांना एका माळेत ओवू नका! जुलैच्या पावसात खांबावर चढून कनेक्टर बदलतो मी, रात्री साडेअकराला. तुमच्या ॲपला रात्री फोन लावून बघा, कोण उचलतं ते कळेल. 1 नोव्हेंबर 2012 ला मुंबईत बॉक्स सक्तीचा झाला, मग टप्प्याटप्प्याने सगळीकडे. त्या बॉक्ससाठी आम्ही कर्ज काढलं. ते फिटतंय तोवर दरपत्रक आलं. आमच्या हातात उरलं काय?

नांदेडची_ताई: तुम्ही दोघं भांडताय, पण आमच्या गल्लीत तिसरंच घडलंय. डीडी फ्री डिश, म्हणजे दूरदर्शनची फुकट छत्री. एकदा छत्री आणि बॉक्स घेतला की महिन्याचा खर्च शून्य. 2007 च्या कायद्यामुळे भारताचे महत्त्वाचे सामने दूरदर्शनला द्यावेच लागतात, ते फुकट दिसतात. नव्या मराठी मालिका बघायच्या असतील तेवढ्यापुरता शेजारचा मुलगा मोबाईल आणतो. हातावर पोट असलेल्यांनी केबल सोडली ती नेटसाठी नाही, पैसे वाचवायला सोडली. याच्यावर कुणी बोलतच नाही.

लाईनवाला_इचलकरंजी: ताई बरोबर बोलल्या. माझी निम्मी गळती तिकडेच आहे.

ठाणेकर: बरं, हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण इतकं असेल असं वाटलं नव्हतं. तरी मूळ मुद्दा तोच राहतो, पैसे देऊन केबल घेणारा कमी होतोय.

कऱ्हाडकर: तो नेटकडेच जातोय असं म्हणू नका, इतकंच माझं म्हणणं. आणि नेट स्वस्त हा भ्रम काढून टाका. 2023 ला आयपीएल मोबाईलवर फुकट दाखवली, मराठी समालोचनासकट. सवय लागली, आता वर्गणी मागतात. क्रिकेटला एक ॲप, मालिकांना दुसरं, सिनेमाला तिसरं, वर वायफायचं बिल. बेरीज केलीत का कधी?

ठाणेकर: केली. केबलपेक्षा जास्त येते, मान्य. पण मला हवं तेव्हा बघतो, जाहिराती कमी, मुलं एका खोलीत, मी दुसऱ्या. त्याचे पैसे द्यायला माझी हरकत नाही. आणि केबलचंही ऐका, 2024 ला ट्रायने जोडणीच्या 130 ची मर्यादासुद्धा काढली. उद्या कितीही लावतील.

लाईनवाला_इचलकरंजी: आमच्या भागात नाही वाढवले, वाढवले तर उरलेलेही जातील. मी गेल्या वर्षी फायबर ओढली. एकाच तारेवर टीव्ही आणि नेट, एकच बिल, पक्की पावती. वायफाय घेणाऱ्यांतले बरेच जण म्हाताऱ्यांसाठी बॉक्स ठेवतात. तेव्हा केबल संपली म्हणण्याआधी तुमच्या घरात नेटची तार कोण आणून देतं ते बघा.

ठाणेकर: तुमच्यासारखा पावती देणारा आमच्याकडे असता तर मी सोडलीच नसती कदाचित. पण अनामतीचे पैसे मला अजून मिळालेले नाहीत, तोवर माझं मत बदलणार नाही.