जीन्स घेताना आधी काय बघायचं, कंबर की मांडी?

जुळेसोलापूरकरीण: रोज जुळे सोलापूरहून अक्कलकोट रोड एमआयडीसीपर्यंत स्कूटीवर जाते. दहा वर्षं मी कमरेच्या आकड्यावर जीन्स घेतली. कमरेला बसली की मांडीला आवळायची, मांडीला बसली की मागे मूठ जाईल एवढी फट. पुढे वाकलं की कुर्ता ओढत राहायचं. आपलंच अंग बेढब, असं वाटायचं. आता ठाम मत झालंय: माप मांडी आणि सीटचं बघायचं, कंबर टेलरकडून मारून घ्यायची. मागची शिवण उसवून कंबर इंचभर सहज कमी होते. आवळलेली मांडी सोडवायला मात्र आत कापडच नसतं. आणि ट्रायल रूममध्ये नुसतं आरशासमोर उभं राहू नका, उकिडवं बसून बघा.

मागवाले काका: ताई, नाही पटलं. आधी कापड, मग माप. आमच्या घरात तीन पिढ्या मागावर गेल्या म्हणून सांगतो. डेनिमचा उभा धागा निळा, आडवा पांढरा. बहुतेक वेळा त्या आडव्या धाग्यात लवचिक तार घालतात, म्हणून दुकानात कुठलीही जीन्स अंगाला बसल्यासारखी वाटते. चार महिन्यांत गुडघ्याला पिशव्या! शंभर टक्के सुती घ्या, घालून घालून ती अंगाचं वळण घेते.

जुळेसोलापूरकरीण: काका, तशी घालून आठ तास खुर्चीत बसले आहे मी. पोटात शिवण रुतते, संध्याकाळी लाल वळ दिसतो. लेबलवर इलास्टेन, म्हणजे तुमची ती लवचिक तार, एक-दोन टक्के असलेली माझी जीन्स दोन वर्षं झाली, गुडघे जागेवर आहेत. फक्त गरम पाणी आणि कडक ऊन टाळते. उलटी करून सावलीत वाळत घालते.

मागवाले काका: दोन टक्क्यांपर्यंत मान्य. त्यापुढे नाही.

उन्हाळी_पाहुणा: मापाचं नंतर बघा ओ. एप्रिल-मे मध्ये इथं पारा चाळिशीच्या वर असतो. जीन्स मुळात कष्टकऱ्यांचा कपडा, खिसे उसवू नयेत म्हणून त्याला तांब्याचे रिव्हेट (ठोकून बसवलेले खिळे) मारले, त्याचं अमेरिकेत १८७३ मध्ये पेटंट घेतलं. सोलापूरच्या उन्हाचा विचार त्यात कुठून येणार? सुती पायजमा, पलाझो काय वाईट?

जुळेसोलापूरकरीण: गेल्या उन्हाळ्यात पलाझो घालून मैत्रिणीच्या बाईकवर मागे बसले होते. स्टँडजवळ घेर चाकात ओढला गेला, पडता पडता वाचले. घोट्याला अजून व्रण आहे. त्यापेक्षा घाम परवडला. उन्हाळ्यासाठी आठ-नऊ औंसाची (चौरस यार्ड कापडाचं वजन) पातळ, सरळ पायाची, पोटरीला मोकळी घेते.

नवीन_सभासद: ताई, कंबर मारली की मागे लगेच ओळखू येतं, म्हणून मी टाळते.

जुळेसोलापूरकरीण: दोऱ्यामुळे ओळखू येतं. टेलरला जीन्सचा जाड पिवळा दोरा आहे का, ते आधी विचारा. साध्या दोऱ्याची टीप लांबूनही उठून दिसते. आणि आधी एकदा धुऊन मगच द्या, नवी सुती जीन्स पहिल्या धुण्यात आटते.