कच्चा मासा खाल्ला, आता सूज जागा बदलतेय

सुहास_खोनकेन: नमस्कार मंडळी. दीड वर्ष थायलंडमध्ये खोन केनला नोकरीला आहे. महिन्यापूर्वी एका सहकाऱ्याच्या गावी जेवायला गेलो. तळ्यातला मासा बारीक चिरून, लिंबू, तिखट आणि भाजलेल्या तांदळाची भरड घालून 'कोई प्ला' केलेलं. नाही म्हणवेना, आणि खरं सांगतो, चव झकास होती. आता बेंबीशेजारी लालसर सूज आली, खाजली, चार दिवसांत जिरली आणि कमरेवर उगवली. बायको पुण्याहून रोज फोनवर ओरडतेय की अळी मेंदूत जाते. खरंच? लिंबाने मासा शिजतो ना?

लॅबवाली_काकू: अरे, लिंबाने मासा पांढरा पडतो, शिजत नाही. अळी त्यात मजेत जगते. बत्तीस वर्षं मायक्रोस्कोपला डोळा लावलाय; फिरती सूज म्हटलं की मला आधी नॅथोस्टोमा नावाचा जंत आठवतो. त्याचं खरं घर कुत्र्या-मांजराचं जठर. (1836 साली रिचर्ड ओवेनला तो पहिल्यांदा सापडला तो लंडनच्या प्राणिसंग्रहालयातल्या वाघाच्या पोटात!) अंडी विष्ठेतून पाण्यात, तिथून सायक्लॉप्स नावाच्या इवल्या पाणकिड्यामध्ये, मग माशात. माणसात अळी मोठी होत नाही, नुसती भटकते. बहुतेकदा कातडीखालीच, पण मज्जारज्जूत, मेंदूत शिरली तर वाटेत रक्तस्राव करते. तेव्हा सूनबाईंचं बरोबर आहे. उद्याच डॉक्टर गाठ, माशाचं आपणहून सांग, रक्तातल्या इओसिनोफिल मोजून घे, जंत असला की वाढतात त्या पांढऱ्या पेशी. डोकं ठणकलं, विजेसारखी कळ आली, पाय जड झाला तर उद्याचीही वाट बघू नकोस.

बांगडो_वेंगुर्लो: आमच्यात कच्चो बांगडो खाणारो अजून जन्माक येवचो आसा. पण काकू, ते जपानी सुशी खातत, तेंका?

लॅबवाली_काकू: सुशीचा मासा बहुतेक समुद्रातला, बऱ्याचदा आधी गोठवलेला. हा जंत गोड्या पाण्यातला. जपानातही जिवंत लोच मासे गिळणाऱ्यांना झालाय.

सात्त्विक_थाळी: म्हणूनच आम्ही शाकाहारी!

लॅबवाली_काकू: थांबा. आपल्याकडे मेंदूत जाऊन फिट आणतो तो डुकरातला पट्टकृमी, आणि त्याची अंडी न धुतलेल्या कोशिंबिरीतून, अस्वच्छ हातांतूनही पोटात जातात. आमच्याकडे आलेल्यांत माळकरीही होते.

सुहास_खोनकेन: इओसिनोफिल 18 टक्के निघाल्या, म्हणजे वाढलेल्या. जंतावरचं औषध दिलंय, अल्बेंडाझोल 400 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, 21 दिवस. डोकं ठीक आहे. काकूंचं उत्तर बायकोपासून लपवणार होतो, तर तिनेच मला फोनवर वाचून दाखवलं. 'सूनबाईंचं बरोबर आहे' दोनदा.