रेनडिअरच्या मांसात सीझियम कसे पोहोचले?

प्रश्न : अणुभट्टीचा अपघात झालेले चेर्नोबिल इतके दूर असूनही १९८६ नंतर नॉर्वे-स्वीडनमधील सामी या रेनडिअर पाळणाऱ्या आदिवासी लोकांच्या रेनडिअरच्या मांसात सीझियम-१३७ हे किरणोत्सर्गी द्रव्य एवढ्या प्रमाणात का आढळले?

उत्तर १ : लायकेनला (बुरशी व शैवाल मिळून बनलेल्या, दगडफुलासारख्या सजीवाला) मुळे नसतात, ते पोषकद्रव्ये थेट हवेतून आणि पावसातून शोषते, त्यामुळे पावसाबरोबर उतरलेले सीझियम त्यात साठले, आणि हिवाळ्यात रेनडिअरचा मुख्य आहार तेच असते.

उत्तर २ : नॉर्वेने नोव्हेंबर १९८६ मध्ये या मांसातील सीझियमची मर्यादा किलोमागे ६००० बेकरेलपर्यंत (बेकरेल हे किरणोत्सर्ग मोजण्याचे एकक) वाढवली. सामींची उपजीविका टिकवणारा हा निर्णय मला योग्य वाटतो. मात्र हे मांस रोज खाणाऱ्या कुटुंबांना आहाराचा स्वतंत्र सल्ला देणे तितकेच अगत्याचे होते.

उत्तर ३ : सीझियम-१३७चा अर्धायुकाल (ते आपोआप निम्मे होण्यास लागणारा काळ) सुमारे ३० वर्षे असला, तरी ते शरीराबाहेर टाकले जात असल्याने जनावराच्या शरीरातील प्रमाण काही आठवड्यांतच निम्मे होते, म्हणून कत्तलीपूर्वी सीझियम नसलेला स्वच्छ चारा देतात.