मदत हवी आहे : पणजीच्या आसपास सगळ्या घराला एकत्र पोहता येईल असा सार्वजनिक तलाव

नमस्कार मंडळी,

आम्ही पर्वरीला राहतो. लेक नऊ वर्षांची, मुलगा पाचचा, नवरा, सासूबाई आणि मी. या उन्हाळ्यात सगळ्यांनी पाण्यात उतरायचं असं घरात ठरलंय. हॉटेलांचे आणि क्लबांचे तलाव आम्हाला परवडत नाहीत. फुकट असेल तर सोन्याहून पिवळं, नाहीतर माफक शुल्काचा सार्वजनिक तलाव हवा आहे.

"एवढा समुद्र असताना तलाव कशाला?" असं कुणीतरी विचारणारच, म्हणून आधीच लिहिते. मिरामारला मांडवी समुद्राला मिळते. पाणी दिसायला शांत, पण ओहोटीला आतून ओढ असते. कळंगुटला आम्ही जातो, लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधल्या पट्ट्यातच राहतो. २००८ पासून किनाऱ्यांवर 'दृष्टी' या कंपनीचे जीवरक्षक आहेत, त्यांचा मोठा आधार वाटतो. पण लाटांत खेळणं वेगळं आणि पोहायला शिकणं वेगळं. पाठीवर तरंगायला शिकणाऱ्या मुलाला पाणी स्थिर लागतं, पाय टेकायला तळ लागतो. शिवाय जूनपासून समुद्र बंदच.

खरी धास्ती मला समुद्राची नाहीच, चिऱ्यांच्या (घरबांधणीच्या जांभ्या दगडाच्या) सोडून दिलेल्या खाणींची आहे. ज्यांनी त्या जवळून पाहिल्या नसतील त्यांच्यासाठी सांगते : चिरे कापून काढलेले असल्यामुळे कडा भिंतीसारख्या उभ्या असतात. उतार नाही, पायरी नाही. पावसात त्या काठोकाठ भरतात, पाणी लाल-गढूळ असतं, त्यामुळे कमरेएवढं आहे की दोन पुरुष खोल, ते काठावरून कळत नाही. आत पडलेल्याला वर यायला धरायचं काय, तर शेवाळलेला चिरा. दर पावसाळ्यात तिथे उतरायला बंदी येते आणि दर पावसाळ्यात कुणाच्या तरी घरचं मूल जातं. माझा मुलगा मोठा झाल्यावर मित्रांबरोबर कुठे कुठे जाईल, प्रत्येक ठिकाणी मी नसेन. त्याला पोहता आलं पाहिजे. पोहता येणाऱ्यालाही खाण सोडत नाही हे मला माहीत आहे, पण पाण्याची समज आलेला मुलगा काठावरच थांबण्याची शक्यता जास्त.

नवरा डिचोलीकडचा. लहानपणी पाठीला न सोललेले सुके नारळ बांधून गावच्या तळीत शिकला, काकाने ढकललं आणि हात मारायला लागला. सासूबाई त्याच तळीवर कपडे धुवायच्या. पोहायचे मुलगे, मुली काठावर. परवा त्या म्हणाल्या, "मलाही एकदा आत उतरायचंय गो." वय ६४, गुडघे दुखतात. त्यांची ही इच्छा मला कुठल्याही परिस्थितीत पुरी करायची आहे.

माझी मावसबहीण न्यूयॉर्कला क्वीन्समध्ये असते. तिथे महापालिकेचे उघड्यावरचे तलाव जूनच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत सगळ्यांना फुकट. १९३६ च्या एका उन्हाळ्यात त्या शहराने असे अकरा मोठे तलाव खुले केले, तिच्या जवळचा अ‍ॅस्टोरियाचा त्यातलाच. नियम कडक : पोहण्याचा पोशाख हवा, स्वतःचं कुलूप आणायचं. पण आई, बाप, मुलं, आजी एकाच वेळी एकाच पाण्यात. मला हेवा वाटला तो याचाच.

आपल्याकडे सरकारी तलाव नाहीत असं नाही. पणजीत कांपालच्या तलावात २०२३ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांतलं जलतरण झालं. मडगावात फातोर्ड्याला आहे, म्हापशाला पेडे क्रीडासंकुलात आहे. पण एके ठिकाणी (नाव लिहीत नाही) चौकशी केली, तर बायकांची बॅच कामाच्या दिवशी भर सकाळी, पुरुषांची वेगळी, पाच वर्षांच्या मुलाला प्रवेश नाही आणि सासूबाईंचं वय ऐकून खिडकीवरचा माणूस पुढचं बोलेचना. स्पर्धेसाठी तलाव असावाच, पण घरच्यांनी कुठे जायचं?

तर जाणकारांनो, शनिवार-रविवारी कुटुंबासाठी वेळ राखून ठेवलेला सरकारी किंवा पालिकेचा तलाव कुठे आहे? लहानांचा उथळ तलाव वेगळा आहे का? उतरायला शिडीच आहे की पायऱ्या आहेत? (सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी हे सगळ्यात महत्त्वाचं.) पूर्ण अंगभर नायलॉनचा पोशाख चालतो का? फोंडा, मडगावपर्यंत यायची तयारी आहे. शुल्क लिहिताना ते कोणत्या वर्षीचं, तेही लिहा.

भर : दोघातिघांनी नदीतली कोंड (खोल डोह) आणि झरी (झरे) सुचवल्या. मनापासून आभार, पण जीवरक्षक नसलेली जागा नको. मुलाच्या दंडाला बांधायचे हवेचे फुगे चालतील का असंही एकाने विचारलंय. ते निसटतात आणि मुलाला उगाच धीर देतात, त्यापेक्षा मोठं माणूस हातभर अंतरावर हवं, असं मला प्रशिक्षकाने सांगितलं. म्हणून तर सगळ्यांना एकाच वेळी आत सोडणारा तलाव शोधतेय. आणखी दोन घरं आमच्याबरोबर यायला तयार आहेत. कुटुंबाच्या बॅचसाठी मिळून अर्ज करायचा असेल तर तो कुणाच्या नावे द्यायचा, हे कुणी केलं असेल तर इथेच लिहा, बाकीच्यांनाही उपयोगी पडेल.